केक पॉप्सची फुलं: शेवटच्या पाकळीपर्यंत खाता येणारी सजावट

केकवरचा फॉन्डंटचा, म्हणजे मळलेल्या साखरेचा, गुलाब मुलं हट्टाने मागून घेतात, एकदा चावतात आणि बशीच्या कडेला ठेवून देतात. वाढदिवसानंतर बशा गोळा करणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. दिसायला फूल आणि चवीला चिवट साखर, म्हणून तासन्‌तास खपून केलेली वस्तू कचऱ्यात जाते. सजावट खाऊन संपली पाहिजे, या एकाच कसोटीवर मी घरी काय करायचं नि काय नाही ते ठरवते. खालच्या कृती त्याच कसोटीतून निवडल्या आहेत. त्यात फुलांच्या आकाराचे केक पॉप्स आहेत आणि मोठ्या केकवर किंवा कपकेकवर ठेवायला खरोखर चविष्ट फुलंही आहेत.

केक पॉप म्हणजे केकचा चुरा बांधून वळलेला, काडीला लावून चॉकलेटमध्ये बुडवलेला गोळा. अमेरिकेतल्या अँजी डडली यांनी ‘बेकरेला’ या नावाने २००८मध्ये हा प्रकार लोकप्रिय केला आणि आता तो आपल्याकडच्या बारशांपर्यंत पोचला आहे. घरी करायला तो अवघड नाही, मात्र घाई त्याला चालत नाही. काम दोन दिवसांत विभागा. आदल्या दिवशी केक आणि पाकळ्या, दुसऱ्या दिवशी वळणं, बुडवणं, सजवणं.

आधी फूल ठरवा, मग आकार

फूल कुठे बघतं यावर पॉपचा आकार ठरतो. गुलाब, शेवंती ही फुलं वर बघतात, त्यांच्यासाठी गोळा करायचा आणि काडी खालून लावायची. सूर्यफूल समोर बघतं, त्यासाठी जाड चकती करून काडी कडेतून खोचायची. हे आधी ठरलं नाही तर गोळ्याच्या पोटावर सूर्यफूल चिकटवायची वेळ येते आणि पाकळ्या घसरत राहतात.

शक्य असेल तर खरं फूल समोर ठेवा. शेवंतीच्या बाहेरच्या पाकळ्या लांब आणि खाली झुकलेल्या असतात, आतल्या आखूड आणि उभ्या. गुलाबाच्या पाकळीची कड पातळ असते आणि बूड जाड. एवढं दोन मिनिटं नीट पाहिलं की साच्यांवर पैसे घालायची गरज बरीच कमी होते.

केक

केक पॉपसाठी फार हलका, फार ओलसर केक नको. अंड्याचा साधा स्पंज चालतोच. बिनअंड्याचा हवा असेल तर दह्याचा केक चांगला बसतो:

मैदा १२५ ग्रॅम
पिठीसाखर १०० ग्रॅम
ताजं, आंबट नसलेलं दही १६० ग्रॅम
बिनवासाचं तेल ७५ मिली
बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा
खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा
चिमूटभर मीठ, व्हॅनिला किंवा वेलदोडा

दही आणि साखर फेटा, त्यात तेल घाला. कोरडे जिन्नस एकत्र चाळून त्यात मिसळा. मैदा गेल्यावर जास्त फेटायचं नाही. सहा इंची डब्यात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाला मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवून, मंद ते मध्यम आचेवर ४० ते ४५ मिनिटं. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की केक झाला.

हा केक साधारण ४०० ग्रॅम भरतो आणि त्यात सोळा-अठरा पॉप्स होतात. तो पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर झाकून ठेवा. कोमट केकचा चुरा चिकट होतो आणि त्याचा लगदा बनतो. सकाळी वरची आणि कडेची तपकिरी साल पातळ कापून टाका, कारण ती चुऱ्यात कडक कण होऊन राहते आणि गोळा गुळगुळीत होत नाही. उरलेला केक हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये घालायचाच असेल तर एखाददुसरा झटका पुरे.

बांधणी

बहुतेक पॉप्स बिघडतात ते इथे. आपल्याला वाटतं, बांधायला क्रीम जास्त घातलं की गोळा पक्का होईल. होतं उलटंच. जास्त ओलावा आणि चरबी गेली की गोळा जड आणि मऊ होतो, काडीवरून घसरतो आणि कवचातून तेलाचे थेंब बाहेर येतात.

बांधायला बटरक्रीम किंवा घट्ट गनाश घ्या. बटरक्रीमला १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि लागलं तर एक छोटा चमचा दूध. घरच्या ताकावरचं लोणी इथे चालत नाही, त्यातलं पाणी क्रीम फाडतं. गनाशला ५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २५ ग्रॅम गरम क्रीम. कंडेन्स्ड मिल्कनेही बांधता येतं, पण गोळा मऊ राहतो आणि गोडवा फार वाढतो.

४०० ग्रॅम चुऱ्याला आधी तीनच मोठे चमचे बटरक्रीम घाला आणि बोटांनी चोळून मिसळा. मग मूठ दाबून बघा. बेसनाचे लाडू वळताना जी जाण लागते, तीच इथे लागते: मुठीचा ठसा राहिला पाहिजे, दोन बोटांनी मोडल्यावर तुकडा स्वच्छ तुटला पाहिजे आणि तळव्याला तेल लागता कामा नये. चुरा सुटत असेल तर अर्धा-अर्धा चमचा वाढवत जा. दह्याच्या केकला स्पंजपेक्षा कमीच लागतं.

गोळे काट्यावर तोलून प्रत्येकी २५ ग्रॅमचे करा. नुसत्या नजरेने केलेले गोळे लहानमोठे होतात आणि एका रांगेत ठेवल्यावर ते लगेच जाणवतं. आधी मुठीत घट्ट दाबायचं, मग दोन तळव्यांत फिरवायचं. आत पोकळी राहिली तर तिथेच पुढे तडा जातो. गुलाबासाठी गोळ्याला वरून थोडं निमुळतं करा. सूर्यफुलासाठी हेच मिश्रण दोन बटर पेपरमध्ये दीड सेंटिमीटर जाड दाबून, अर्धा तास गार करून, गोल कटरने साडेचार सेंटिमीटरच्या चकत्या कापा. झाकणबंद डब्यात सगळं अर्धा तास फ्रीजमध्ये. फ्रीझरमध्ये नको, त्याचं कारण पुढे येतंच.

काडी आणि कवच

काड्या कागदाच्याच घ्या. १ जुलै २०२२पासून देशभरात कँडीच्या प्लास्टिक काड्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे पॉप्स थर्माकोलच्या ठोकळ्यात खोचायची जुनी पद्धतही सोडून द्या. जड बुडाच्या डब्यात काठोकाठ तांदूळ भरा, पॉप्स त्यात मस्त उभे राहतात. पालथी घातलेली मोठ्या भोकांची चाळणीही चालते, आणि अर्धा कापलेला कोबी तर फारच उपयोगी. तांदूळ नंतर धुऊन स्वयंपाकाला घेता येतात.

कवचासाठी घरच्या कामाला कंपाउंड चॉकलेट घ्यावं. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते चमकदार आणि कडक जमायला तापमान नेमकं वर-खाली करत टेम्परिंग करावं लागतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पती चरबी असते, ते वितळवून सरळ वापरता येतं. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या जवळपासही नाही हे मान्य. म्हणून मी आत गनाशने बांधते आणि त्यात चांगलं डार्क चॉकलेट वापरते. अठरा पॉप्सवर साधारण २५० ग्रॅम कवच चढतं, पण बुडवायला खोली लागते म्हणून ३५० ते ४०० ग्रॅम वितळवा.

पांढरं कंपाउंड नाजूक असतं. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते आतल्या उष्णतेने विरघळतात. गॅसवर करायचं तर पातेल्यातलं पाणी गरम करून गॅस बंद करा आणि वर भांडं असं ठेवा की त्याचं बूड पाण्याला टेकणार नाही. ४० ते ४५ अंश पुरेसे आहेत. त्याच्या फार वर गेलं की ते घट्ट, रवाळ होतं.

आणि पाणी! ओला चमचा, भांड्याला राहिलेला थेंब, वाफ, पाण्यात कालवलेला रंग, यांपैकी काहीही गेलं की वितळलेलं चॉकलेट क्षणात आकसून गोळा होतं. भांडी पुसून, थोडी तापवून कोरडी करा. असं झालंच तर ते टाकून देऊ नका. गरम क्रीम किंवा दूध घालून ढवळलं की त्याचा गनाश होतो आणि पुढच्या खेपेच्या बांधणीला कामी येतो.

वितळलेलं कंपाउंड उंच, अरुंद कपात ओता. चमच्यावरून ते सलग धारेने पडलं पाहिजे. लचके पडत असतील तर एक छोटा चमचा बिनवासाचं तेल घालून पातळ करा.

काडीचं टोक एक-दीड सेंटिमीटर चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात अर्ध्याहून थोडं जास्त, सरळ खोचा. पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये. मग बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबा. गोळा थंड असावा, गारठलेला नसावा. फ्रीझरमधला गोळा बुडवला की कवच लगेच आवळून जमतं, आतला केक नंतर कोमट होताना फुगतो आणि कवच तडकतं.

बुडवताना पॉप सरळ खाली जाऊ द्या, चॉकलेट काडीला लागेपर्यंत, आणि सरळ वर घ्या. आत गोल फिरवला की काडी सैल होते. बाहेर काढल्यावर पॉप थोडा तिरका धरा आणि तो हात कपाच्या काठावर टेकवून मनगटावर दुसऱ्या हाताने हलक्या टिचक्या मारा. जास्तीचं चॉकलेट ठिबकत असताना काडी हळूहळू फिरवत राहा. काडीभोवती चॉकलेटची बारीक कड जमली पाहिजे, तीच गोळ्याला धरून ठेवते. तिथे भोक राहिलं तर ओल्या बोटाने नव्हे, काडीच्या टोकावर थोडं चॉकलेट घेऊन बुजवा.

सूर्यफूल

पहिल्यांदा करणाऱ्यांनी यापासून सुरुवात करावी. थोडं हात इकडेतिकडे झालं तरी ते छान दिसतं.

चकतीला पिवळ्या किंवा पांढऱ्या कंपाउंडचं कवच द्या. पिवळं कंपाउंड बटर पेपरच्या कोनात भरा आणि टोक अगदी बारीक कापा. दुसऱ्या बटर पेपरवर हरभऱ्याएवढा ठिपका ठेवा आणि टूथपिकने त्याला एका बाजूला ओढा, दोन सेंटिमीटर लांब, टोकाकडे निमुळता. एका फुलाला सोळा-अठरा पाकळ्या लागतात, पण वीसेक करा, दोन-चार मोडतातच. पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्या की पातळ सुरीने सहज सुटतात.

चकतीच्या दर्शनी बाजूवर कडेच्या आत वितळलेल्या चॉकलेटचं वर्तुळ काढा आणि पाकळ्यांची जाड टोकं त्यात बसवा. पाकळी कडेच्या बाहेर सेंटिमीटरभर यायला हवी. पहिलं वर्तुळ जमलं की दुसरं, पहिल्याच्या फटींवर. मधोमध डार्क चॉकलेटचा मोठा ठिपका घाला, त्याने सगळी टोकं झाकली जातील, आणि तो ओला असतानाच चॉकलेट वर्मिसेली, म्हणजे चॉकलेटचे बारीक दाणे, दाबा. वर्मिसेलीऐवजी भाजलेले काळे तीळही घालते मी, चवीला ते जास्त चांगले लागतात.

शेवंती

पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या कवचाचा गोळा घ्या. पाकळ्या दोन प्रकारे होतात. सोपा प्रकार बदामाच्या कापांचा: बदाम भिजवून, सोलून, उभे पातळ काप करून पूर्ण वाळवा आणि मंद आचेवर किंचित भाजा. दुसरा प्रकार ब्रशचा. कोरड्या, नव्या, सपाट ब्रशने बटर पेपरवर कंपाउंडचे छोटे फटके मारा. पाकळीवर बारीक रेषा उमटतात आणि ती अगदी खरी वाटते.

लावण्याचा क्रम महत्त्वाचा. पाकळ्या बाहेर झुकणाऱ्या असतील तर सगळ्यात बाहेरची रांग आधी. गोळ्याच्या मधल्या उंचीवर पहिली रांग लावा, तिचं बूड दुसऱ्या रांगेने झाका आणि असं वर मध्यापर्यंत जा. गुलाबासारखं मिटलेलं फूल असेल तर नेमकं उलटं, मध्यापासून बाहेर. हा एक नियम ध्यानात ठेवला की कोणतंही फूल समोर ठेवून त्याची उकल करता येते. प्रत्येक पाकळी चॉकलेटचा ठिपका लावून दहा मोजेपर्यंत धरून ठेवा. मध्यात पिवळ्या कवचाच्या बडीशेपेच्या चार-पाच गोळ्या.

गुलाब आणि मॉडेलिंग चॉकलेट

फॉन्डंटला माझा पर्याय मॉडेलिंग चॉकलेट. ते मातीसारखं घडवता येतं आणि चव चॉकलेटचीच राहते. विकतच्या फॉन्डंटमध्ये आणि गम पेस्टमध्ये कधी कधी जिलेटिन असतं, त्यामुळे शाकाहारी घरांनी वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघून घ्यावाच लागतो. इथे तो प्रश्न बराच सुटतो.

२०० ग्रॅम पांढऱ्या कंपाउंडला ५० ते ६० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. डार्क असेल तर ७० ते ७५ ग्रॅम. ग्लुकोज बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. ते फार चिकट असतं, बोटं पाण्यात बुडवून काढलंत तर वाटीत टाकण्याआधी पाण्याचा थेंबही त्यावर राहू देऊ नका. कंपाउंड वितळवून कोमट होऊ द्या, ग्लुकोजही तितपतच कोमट करा आणि रबरी उलथन्याने हळू मिसळा. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागलं की तिथेच थांबा. आणखी घोटलं तर तेल सुटतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बाहेरच, रात्रभर ठेवा. सकाळी दगडासारखं वाटेल. तुकडा तोडून मळला की मऊ होतो. तेल सुटलेलंच असेल तर गार होऊ द्या आणि पुन्हा मळा, ते परत आत जातं.

गुलाबाला नऊ पाकळ्या पुरतात. हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या, साधारण तीन ग्रॅमच्या गोळ्या करा. एकेक गोळी दुधाच्या पिशवीच्या स्वच्छ, कोरड्या, उभ्या कापलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवा आणि अंगठ्याने फक्त अर्ध्या बाजूने दाबत न्या. वरची कड पातळ, खालची जाडच राहू द्या. कडेवर अंगठा किंचित जास्त फिरवला की ती आपोआप लहरते.

निमुळत्या, कवच दिलेल्या पॉपच्या टोकाभोवती पहिली पाकळी पूर्ण गुंडाळा, आतलं टोक दिसू देऊ नका. पुढच्या तीन पाकळ्या एकीत एक अडकवा: दुसरीची एक कड पहिलीच्या आत, तिसरीची दुसरीच्या आत. मग पाच पाकळ्या, त्यांच्या वरच्या कडा बोटाने बाहेर वळवा. खालचं बूड दाबून पॉपला चिकटवा आणि जास्तीचं कापा. हात गरम पडत असतील तर बोटांना चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावा. मे महिन्यात हे काम पहाटे किंवा एसीच्या खोलीतच करा. विदर्भातल्या उन्हात कंपाउंड नुसतं टेबलावर ठेवलं तरी मऊ पडतं.

जाई

झटपट आणि फार गोड दिसणारं. पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या पॉपवर चॉकलेटचा ठिपका, त्यावर मगज बिया पाच, टोकं आत, मध्ये चारोळीचा दाणा. शेजारी पिस्त्याचा काप म्हणजे पान. एका गोळ्यावर अशी तीन-चार फुलं एकाच बाजूला घोळक्याने लावा. सगळीकडे सारख्या अंतरावर लावली की छापील कापडासारखी दिसतात.

मोठ्या केकवरची फुलं

गोव्यात नाताळच्या गोडधोडात दोदोल, नेवऱ्यांबरोबर मारझिपान (बदामाची पूड आणि साखर मळून केलेला गोळा) असतं, आणि तिथे ते बदामाऐवजी काजूचं. साच्यात दाबून त्याची फुलं, फळं, शिंपले करतात. केकवरच्या फुलांसाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पारंपरिक कृतीत अंड्याचा पांढरा बलक असतो. बिनअंड्याचं करायला आपल्याला ओळखीची काजू कतलीची वाट धरता येते.

२०० ग्रॅम काजू, फ्रीजमधले नकोत, मिक्सरवर थांबून-थांबून दळून चाळा. सलग फिरवलं की तेल सुटतं. १०० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाण्याचा एकतारी पाक करा, आच मंद करून काजू पूड घाला. परतत राहा. थोडं मिश्रण गार करून तूप लावलेल्या बोटांत वळल्यावर न चिकटता गोळी झाली पाहिजे. छोटा चमचा तूप, छोटा चमचा गुलाबपाणी. कोमट असताना मळा आणि मळताना दोन-तीन मोठे चमचे आयसिंग शुगर घाला, त्याने ते आकार धरतं. दोन-तीन मिलिमीटर जाड लाटून कटरने पाकळ्या कापा. वाटीच्या आत किंवा अंड्यांच्या स्वच्छ ट्रेमध्ये बटर पेपर घालून त्यात वाळवल्या की त्यांना बाक येतो.

साखरेतल्या गुलाबपाकळ्या त्याहून सोप्या. परदेशी कृतींत त्यांना अंड्याचा पांढरा बलक लावतात. आपल्या डिंकाने तेच काम होतं. छोटा चमचा डिंकाची पूड एक मोठा चमचा गुलाबपाण्यात रात्रभर भिजवून कपड्याने गाळा. पाकळ्यांच्या बुडाचा पांढरा भाग कडू असतो, तो कापून टाका. धुऊन पूर्ण वाळवलेल्या पाकळीला ब्रशने दोन्हीकडे अगदी पातळ डिंक लावा आणि मिक्सरमधून जरा बारीक केलेली साखर भुरभुरा. आयसिंग शुगर नको, ती विरघळून ओली पडते. बटर पेपरवर दिवसभर ठेवल्या की कुरकुरीत होतात. जुलैत कोकणपट्टीत या वाळतच नाहीत, तेव्हा एसीची खोली गाठा किंवा बेत दिवाळीपर्यंत पुढे ढकला.

बटरक्रीमची फुलं थेट केकवर काढायची भीती वाटत असेल तर बटर पेपरच्या छोट्या चौकोनांवर काढा. २डी नंबरचं नोझल (क्रीमच्या पिशवीला लावायचं टोक) उभं धरून, मनगट थोडं वळवत दाबायचं, दाब सोडायचा आणि मग उचलायचं. वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली की फुलं कडक होतात आणि उचलून केकवर मांडता येतात. झेंडूसाठी १०४ नंबरचं पाकळीचं नोझल, रुंद टोक खाली, आणि हात सतत वर-खाली हलता.

रंग, आणि खरी फुलं

चॉकलेटमध्ये तेलातले किंवा कोरडे पावडर रंगच चालतात. जेल रंगात पाणी असतं, तो वितळलेल्या कंपाउंडला आकसवतो. मॉडेलिंग चॉकलेट मळताना मात्र जेलचा ठिपका चालतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची. म्हणून बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव बघूनच घ्या. सुट्या पुडीतला भडक पिवळा मेटॅनिल येलो असू शकतो आणि तो अन्नात वापरायला बंदी आहे. चमकीच्या डबीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं असेल तर ती खाण्यासाठी केलेली नाही. ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी, दोन्ही हवीत.

गडद लाल, काळा यांना रंग इतका लागतो की चव कडवट होते. फिकट गुलाबी, केशरी, पिस्ता रंग घ्या. बीटची वस्त्रगाळ पावडर कंपाउंडला छान गुलाबी करते. गोकर्णाची फुलं गरम दुधात भिजवली की निळा रंग मिळतो, तो बटरक्रीमला वापरा. त्यात लिंबाचा थेंब पडला की रंग जांभळा होतो.

खरी फुलं ठेवायची असतील तर घरच्या कुंडीतली, फवारा न मारलेली: गावठी गुलाब, जास्वंद, गोकर्ण. बाजारातली नकोत. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले देखणे गुलाब फुलदाणीसाठी पिकवलेले असतात, खाण्यासाठी नाही. कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, कळलावी ही विषारी आहेत. ती केकजवळसुद्धा आणू नका. चाफ्याचा चीकही त्रासदायक असतो. ‘नुसतं शोभेला ठेवलंय’ म्हणून चालत नाही, मूल ते तोंडात घालतंच. तारेवरची फुलंही थेट केकमध्ये खोचू नयेत.

ठेवणं आणि नेणं

बटरक्रीमने बांधलेले पॉप्स थंडीच्या दिवसांत झाकणबंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतात. गनाशचे असतील किंवा उन्हाळा असेल तर फ्रीजमध्येच, तीन-चार दिवस. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. अर्धा तास बंदच राहू द्या, म्हणजे दव डब्यावर जमेल, फुलांवर नाही. मारझिपानची आणि साखरेची फुलं फ्रीजमध्ये ठेवायचीच नाहीत, ती मऊ पडतात. केकवर ती वाढण्याआधी तासभर मांडा.

दुसऱ्यांच्या घरी न्यायचे असतील तर जाड पुठ्ठ्याच्या खोक्याला टोच्याने भोकं पाडून काड्या त्यात खोचा आणि खालून चिकटपट्टी लावा. खोकं गाडीत सीटवर नाही, खाली पायांजवळ सपाट ठेवा. टेबलावर मांडायला मातीच्या कुल्हडात डाळ भरून त्यात पाच-पाच पॉप्स, उंची वरखाली. अगदी लहान मुलांना देताना काडी आणि अख्खे सुकामेव्याचे दाणे काढून, पॉपचे चार तुकडे करून बशीत द्या.